ताबा घेण्याआधी नव्या घराचा पंचनामा झालाच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांची पहिली पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि त्याच सुमारास पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतील असंख्य कुटुंबे दोन-तीन वर्षे हप्ते भरून झालेल्या घराच्या किल्ल्या हातात घेतात. त्या किल्ल्या घेण्यापूर्वी, म्हणजेच ताबापत्रावर सही करण्यापूर्वी, बिल्डरशी कोणताही संबंध नसलेल्या अभियंत्याकडून घराची तपासणी करून घेण्याचा हक्क ग्राहकाला करारनाम्यातच मिळायला हवा, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ३३ वर्षे नोकरी करून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे आणि गावोगावचे रस्ते यांची मोजमापे घेण्यात आयुष्य गेले, त्यामुळे बांधकामात काय राहून जाते आणि कशावर रंगाचा हात मारला जातो हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही जी चूक होऊ नये असे मी आज म्हणतो आहे, ती माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत झाली.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी आणि जावई यांनी पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात सातव्या मजल्यावर दोन बेडरूमची सदनिका घेतली. किंमत ऐंशी लाखांच्या घरात होती. विजयादशमीच्या सकाळी आम्ही सगळे ताबा घ्यायला गेलो, तेव्हा बिल्डरच्या कार्यालयात आमच्यासारखी आणखी दहा-बारा कुटुंबे नवे कपडे घालून बसलेली होती. आम्हाला पेढे मिळाले, घराच्या दाराला तोरण बांधलेले होते आणि नंतर दोन पानांचे ताबापत्र पुढे आले. त्यात एक ओळ अशी होती, की सदनिकेचे बांधकाम, क्षेत्रफळ व सोयीसुविधा मी स्वतः पाहिल्या असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. मुलीने माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, करू ना सही?" मुहूर्त टळत होता, गुरुजी वर येऊन बसले होते, भिंतींना ताज्या रंगाचा वास येत होता. मी म्हणालो, "कर. घर छान झालंय." ज्या माणसाने नोकरीत एक घनमीटर काँक्रीटसुद्धा न मोजता मोजमाप पुस्तकात लिहिले नाही, त्याने पोटच्या मुलीच्या आयुष्यभराच्या कमाईचे घर दहा मिनिटांत नुसते डोळ्यांनी पाहून पास केले. याची बोच अजून जात नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि नातवाच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून ओल चढू लागली. आठवड्याभरात रंगाचे पापुद्रे सुटले. आषाढात पॅसेजच्या छताला, बरोबर वरच्या घराच्या न्हाणीघराखाली, जेवणाच्या ताटाएवढा पिवळट डाग उमटला. तो हात लावला तर ओला लागायचा आणि वरच्यांच्या आंघोळी आटोपल्यावर तासाभराने त्यातून थेंब पडू लागायचे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे ताबा घेण्याचे मुहूर्त दसरा, दिवाळी, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे असतात. चारही मुहूर्त कोरड्या दिवसांतले, किंवा नुकताच पाऊस सरून भिंतींना नवा रंग लागलेला असतानाचे. घराचा खरा कस पावसाळ्यात लागतो आणि पावसाळा येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊन, सही करून, गृहप्रवेश होऊन गेलेला असतो; दसऱ्याला ताबा घेतला असेल तर सात-आठ महिने उलटलेले असतात.

आम्ही तक्रार केली. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात, त्याच्या कलम १४ च्या उपकलम (३) मध्ये म्हटले आहे, की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरी, दर्जा व सेवा यांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, अन्यथा ग्राहकास भरपाई मिळावी. कायदा चांगलाच आहे. पण बिल्डरचे उत्तर आले, की वरच्या सदनिकाधारकाने न्हाणीघराच्या फरश्या बदलल्यामुळे जलरोधक थराला धक्का लागला आहे आणि तुमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला तुम्ही एसीच्या ब्रॅकेटसाठी भोके पाडली आहेत, तेव्हा दोन्ही दोष आमचे नव्हेत. वरच्या गृहस्थांनी खरोखरच फरश्या बदलल्या होत्या. आम्हीही एसी बसवला होता. मग गळती आधीची की नंतरची, हे ठरवायचे कशावरून? ताबा घेतला त्या दिवशी घर कोणत्या अवस्थेत होते याचा एकच लेखी पुरावा जगात अस्तित्वात होता आणि तो म्हणजे माझ्या मुलीने सही केलेली 'माझी कोणतीही तक्रार नाही' ही ओळ. पाच वर्षांच्या हमीला आधार लागतो तो पहिल्या दिवसाच्या नोंदीचा, आणि ती नोंद करून ठेवण्याची सोय आपल्या व्यवहारात कोठेच नाही. जमिनीच्या वादात मोजणी होते, अपघातात पंचनामा होतो, सरकारी इमारत हस्तांतरित करताना वस्तूंची यादी होते. घराच्या बाबतीत मात्र पेढे वाटून सही घेतली जाते.

यावर कोणी म्हणेल, की इमारतीची तपासणी करणारे आधीच इतके लोक असताना आणखी एक कशाला. हे लोक कोण आहेत ते पाहू. भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिका मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाले की नाही, अग्निशमन, लिफ्ट, पाणी, मलनिस्सारण यांचे ना-हरकत दाखले आहेत की नाहीत, हे पाहते. सातव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पाणी कोणत्या दिशेला वाहते हे पाहणे तिचे काम नव्हे आणि तिच्याकडे तेवढी माणसेही नाहीत. कर्ज देणारी बँक मूल्यांकनकार पाठवते, पण तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत इतकी किंमत या मिळकतीला आहे ना, एवढेच पाहतो आणि त्याचा अहवाल ग्राहकाच्या हातात क्वचितच पडतो. राहिले वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि साइटवरचे अभियंते. महारेराला, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाला, सादर होणारी त्यांची प्रमाणपत्रे महत्त्वाची आहेत आणि त्यांतले अनेक जण निष्ठेने काम करतात हे मी जाणतो. पण त्यांची नेमणूक बिल्डर करतो, त्यांचे बिल बिल्डर चुकवतो आणि पुढचे कामही बिल्डरच देणार असतो. ग्राहकाच्या वतीने, ग्राहकाच्या पैशाने, ग्राहकाला उत्तर देणारा असा या साखळीत एकही माणूस नाही.

माझ्या नोकरीत हे तत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नसे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत, जी २००० साली सुरू झाली, गुणवत्तेची तपासणी तीन स्तरांवर होते. पहिली काम करून घेणाऱ्या यंत्रणेची, दुसरी राज्याच्या गुणवत्ता निरीक्षकांची आणि तिसरी राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकांची, जे बाहेरच्या राज्यातून येत. ते आले की रस्ता खोदून थरांची जाडी मोजली जाई. आम्हाला त्याचा त्रास होई, पण तो माणूस आपला नाही हे माहीत असल्यामुळे कंत्राटदाराचा हात खडी कमी टाकताना आखडत असे, हेही तितकेच खरे. शिवाय कंत्राटदाराची अनामत रक्कम दोषदायित्वाचा, म्हणजे दोष निघाल्यास तो कंत्राटदारानेच दुरुस्त करून देण्याचा, कालावधी संपेपर्यंत सरकारकडे राहते. वाडीवरच्या दोन किलोमीटर रस्त्याला जर तीन तपासण्या आणि अनामत लागते, तर मध्यमवर्गीय माणूस वीस वर्षांचे कर्ज काढून जे घर घेतो त्याला एकही बाहेरची तपासणी असू नये, हे मला पटत नाही.

जुन्या इमारतींबाबत आपण इतके बेफिकीर नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. यामागे इमारत म्हातारी झाली की धोकादायक होते ही समजूत आहे आणि ती बरोबरही आहे, पण अपुरी आहे. महाडमधील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसे गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती, म्हणजे उपविधींतील पहिल्या तपासणीचे वयसुद्धा तिला आले नव्हते. गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका उच्चभ्रू संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका टॉवरच्या वरच्या मजल्यावरचा स्लॅब खचला आणि खालचे एकेक स्लॅब घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत आला. त्यात दोन महिलांचा मृत्यू झाला. पुढे दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्येच क्लोराइडचे प्रमाण असे आढळले, की आतल्या सळया गंजत होत्या आणि तो टॉवर दुरुस्त करण्यापलीकडे गेला होता. तेथील रहिवाशांनी आधीपासून गळती आणि निघणाऱ्या गिलाव्याच्या तक्रारी केल्या होत्या.

मात्र येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की ताबा घेण्यापूर्वी अर्धा दिवस घरात फिरून केलेल्या तपासणीत काँक्रीटमधले क्लोराइड सापडणार नाही. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा टणकपणा कळतो, अल्ट्रासोनिक चाचणीने आतल्या पोकळ्यांचा अंदाज येतो, पण प्रत्येक सदनिकेसाठी या चाचण्या करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. संरचनेसाठी वेगळा मार्ग आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे काँक्रीट ओतताना ठरावीक प्रमाणात ठोकळे भरून ठेवावे लागतात, ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, १६ ते ३० घनमीटरला तीन, असे ते प्रमाण आहे. प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडून त्यांची ताकद नोंदवली जाते. ही नोंदवही प्रत्येक साइटवर असते, निदान असायला हवी. ग्राहकाच्या अभियंत्याला ती पाहण्याचा हक्क मिळाला आणि एखाद्या इमारतीतील चाळीस-पन्नास ग्राहकांनी मिळून एक संरचना अभियंता नेमला, तर त्याला कोणत्या स्लॅबच्या नोंदी गायब आहेत आणि कोणत्या मजल्यावर चाचणी घ्यायला हवी, हे दोन दिवसांत सांगता येईल.

आता घराच्या आतील तपासणीत नेमके काय होते, ते वाचकांना डोळ्यांसमोर यावे म्हणून एक प्रसंग सांगतो. मुलीच्या घराच्या अनुभवानंतर मी ठरवले, की ओळखीत कोणी ताबा घेणार असेल तर स्वतः जायचे. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या तीन आठवडे आधी एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाची सदनिका पाहायला मी गेलो. पिशवीत ओळंबा, काटकोन पाहायचा गुण्या, टेप, लाकडी हातोडी, खडू, फरशीचा ढाळ पाहायला काचेची गोटी आणि विजेच्या दुकानात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर एवढेच सामान होते. प्रथम न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतले. ते नहाणी ट्रॅपच्या जाळीकडे न जाता बेसिनखालच्या कोपऱ्यात जाऊन साठले. तेथे फरशी जाळीपेक्षा ८ मिलिमीटरने खाली होती, म्हणजे ढाळ उलटा काढला होता. बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, वायपरनं ओढून घ्यायचं." रोज तेथे पाणी मुरत राहिले, की दोन वर्षांनी खालच्या घराच्या छताला माझ्या मुलीच्या पॅसेजमधला तो पिवळा डाग उमटणार, हे मला दिसत होते.

दिवाणखान्यातल्या फरश्या एकेक करून हातोडीच्या दांड्याने वाजवल्या. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असेल तर ठस्स असा आवाज येतो आणि पोकळ असेल तर डबा वाजवल्यासारखी वाजते. अकरा फरश्यांवर खडूने खूण केली. एका बेडरूममध्ये कॉलम आणि हलक्या ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर तुळईपासून जमिनीपर्यंत सरळ उभी भेग होती. या सांध्यावर गिलाव्याआधी तारेची जाळी मारायची असते, ती मारली नाही की ही भेग ठरलेलीच. सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघरात फ्रिजच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर तिसरा दिवा लागला नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लेट उघडली. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार डबीपर्यंत आणलेली होती, टोकही सोललेले होते, पण स्क्रूखाली घेतलेलीच नव्हती. पाच मिनिटांचे काम होते आणि ते त्याने आमच्यासमोर केले. पण त्या फ्रिजच्या पत्र्यात एखाद्या दिवशी प्रवाह उतरला असता आणि ओल्या हाताने कोणी दार उघडले असते, तर काय झाले असते याचा विचार करून त्या मुलाची आई खालीच बसली.

एकूण सत्तावीस गोष्टींची यादी झाली. तो बिल्डर समंजस होता. त्याच्या अभियंत्याने यादीवर सही केली, तेवीस कामे तीन आठवड्यांत उरकली आणि उरलेल्या चारांची तारीख लेखी दिली. पाडव्याला ताबा झाला. असे वागणारे व्यावसायिक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझा आग्रह एवढाच, की ही गोष्ट बिल्डरच्या भलेपणावर अवलंबून राहू नये, कारण दुसऱ्या एका ठिकाणी मला सुरक्षेचे कारण सांगून फाटकावरच अडवण्यात आले आणि आत फक्त खरेदीदाराला, तेही पंधरा मिनिटांसाठी, सोडले.

ही तपासणी ताब्याच्या आधीच का, नंतर का नाही, याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. न्हाणीघराची जलरोधकता पाहण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे जाळीला बोळा घालून फरशीवर बोटभर पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवायचे आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचे. ताब्याच्या आधी वरचे, मधले आणि खालचे अशी तिन्ही घरे रिकामी असतात आणि तिन्हींच्या किल्ल्या एकाच कार्यालयात असतात. एकदा लोक राहायला आले, की वरच्यांना न्हाणीघर दोन दिवस बंद ठेवा म्हणायचे आणि खालच्यांच्या घरात शिडी लावायची, हे किती अवघड जाते ते आम्ही अनुभवले आहे. तसेच बाहेरच्या भिंतींचे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंतीही काँक्रीटच्याच ओतण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. साचे जेथे सळईने बांधलेले असतात तेथे भिंतीत आरपार भोके राहतात आणि ती नीट बुजवली नाहीत तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तेथूनच आत येतो. ऑक्टोबरात पाऊस नसला तरी खिडकीवर आणि भिंतीवर बाहेरून तासभर पाइपने पाणी मारून हे पाहता येते. माझ्या मुलीच्या घरात हे केले असते, तर ती ओल दसऱ्यालाच दिसली असती.

क्षेत्रफळाचेही तेच. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केला आहे. ६२ चौरस मीटरच्या घरात तीन टक्के म्हणजे जवळजवळ २० चौरस फूट, एका लहान न्हाणीघराएवढी जागा. फरक त्याहून जास्त असेल तर पैसे परत मागता येतात, पण त्यासाठी कोणीतरी मोजायला हवे. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळून, आतल्या भिंती धरून चटई क्षेत्र कसे मोजायचे, हे सामान्य माणसाला माहीत नसते आणि फर्निचर लागल्यावर तर मोजताही येत नाही.

खर्चाचा मुद्दा निघतो, म्हणून हिशेब मांडतो. ऐंशी लाखांच्या घरावर आज पुण्यात सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क लागते, नोंदणीचे ३० हजार वेगळे, आणि बांधकाम चालू असताना घेतले असेल तर पाच टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४ लाख. यातला एकही रुपया घराचा दर्जा तपासण्यावर खर्च होत नाही. अभियंत्याच्या तपासणीला काही हजार रुपये लागतील. माझ्या जावयांनी आतापर्यंत ओल थांबवण्यासाठी दोनदा रंग आणि एकदा बाहेरून रसायनाचा थर यावर जे घालवले, त्यात अशा बऱ्याच तपासण्या झाल्या असत्या. शिवाय या काळात नातवाला त्या खोलीत झोपवत नाहीत, त्याचा हिशेब कसा करायचा?

माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो. त्याने तेथे नवे घर घेतले तेव्हा ताब्याआधी एक निरीक्षक दिवसभर घरात फिरून शंभराहून अधिक बारीकसारीक दोषांची छायाचित्रांसह यादी देऊन गेला. तेथील नव्या घरांच्या दर्जासंहितेत २०२२ पासून ग्राहकाला अशी ताबापूर्व तपासणी करून घेऊ देण्याची तरतूद आहे आणि तिला कोणी अविश्वास समजत नाही. आपल्याकडे मात्र अभियंता बरोबर आणतो म्हटले, की 'आमच्यावर विश्वास नाही का' असे विचारले जाते.

महारेराने आजवर करारनाम्यातील काही कलमे कोणालाही बदलता येणार नाहीत अशी करून ठेवली आहेत. चटई क्षेत्र, दोषदायित्व आणि अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हक्क नावावर करून देणे) यांविषयीची कलमे त्यांत आहेत. त्याच धर्तीवर ताबापूर्व तपासणीचे एक कलम घालावे. नमुना करारनाम्यानुसार बिल्डरची लेखी सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ताबा घ्यायचा असतो. या पंधरा दिवसांतच ग्राहकाने नेमलेल्या पात्र अभियंत्याला किमान दोन वेळा सदनिकेत, तसेच गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि वीजमीटरच्या खोलीत प्रवेश मिळावा. त्याच्या छायाचित्रांसह केलेल्या अहवालावर बिल्डरच्या अभियंत्याने सात दिवसांत प्रत्येक मुद्द्यापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' आणि कारण असे लिहून सही करावी, आणि हा अहवाल ताबापत्राचा भाग समजला जावा. 'माझी कोणतीही तक्रार नाही' ही छापील ओळ ताबापत्रातून पूर्णपणे काढून टाकावी.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण माझ्या मते सगळ्याची मेख तेथे आहे. नमुना करारनाम्यात हप्त्यांची जी वाटणी दिली आहे, तिच्यात भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना द्यायची रक्कम शेवटची पाच टक्के असते. आमच्या बाबतीत ती ४ लाख रुपये होती आणि किल्ली दाखवण्याच्याही आधी ती भरून घेतली होती. ग्राहकाच्या हातात उरलेले एकमेव बळ हेच असते. मान्य झालेले दोष दुरुस्त होईपर्यंत यातली निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात राहावी आणि गळतीसंबंधीच्या दोषांसाठी त्यातला काही भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत तेथेच असावा. सरकारी कंत्राटदाराची अनामत जशी राहते तशीच ही राहील, आणि ज्याचे काम चोख आहे त्याला ती व्याजासह परत मिळेल. अशा व्यावसायिकाला या अहवालाचा आणखी एक उपयोग आहे. ताब्याच्या दिवशी घर निर्दोष होते हे दुसऱ्याच्या सहीने सिद्ध झालेले असल्यामुळे नंतर एखाद्याने स्वतः तोडफोड करून त्याच्यावर खापर फोडायचे म्हटले, तर ते जमणार नाही.

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर या दसऱ्याला किंवा दिवाळीला ज्यांना ताबा मिळणार आहे त्यांनी निदान एवढे करावे. ताब्याच्या किमान तीन आठवडे आधी बिल्डरला ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने कळवावे, की अमुक तारखेला आम्ही आमच्या अभियंत्यासह सदनिकेची तपासणी करणार आहोत, न्हाणीघरात पाणी साठवून ठेवण्यासाठी दोन दिवसांची मुभा आणि खालच्या सदनिकेची किल्ली हवी आहे. नकार आला तर तो लेखी मागावा. ताबापत्रात तक्रार नसल्याची ओळ असेल तर ती खोडून तेथे 'तपासणी अहवालातील मुद्द्यांच्या अधीन राहून' असे हाताने लिहावे, मगच सही करावी आणि त्या पानाची प्रत तेथेच मागून घ्यावी. गृहप्रवेशाचा मुहूर्त आणि ताब्याची सही एकाच दिवशी ठेवू नये. गुरुजी आणि पाहुणे येऊन बसले, की हातातली गोटी आणि टेस्टर पिशवीतच राहतात, हे मी पाहिले आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता, पुणे